मुक्काम नगर

आम्हा नगरकरांची एक सवय मला फार खटकते. घरी पाहुणा येतो, चहापाणी होतं आणि तो सहज विचारतो, "तुमच्याकडे बघायला काय काय आहे?" घरातलं कुणीतरी लगेच सांगून टाकतं, "गावात काही नाही हो. सकाळी लवकर निघा. शिंगणापूर करा, देवगड करा, दुपारपर्यंत शिर्डीला पोचाल." पाहुणा मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघून जातो. यजमानाला वाटतं, आपण त्याची सोय केली. ज्या गावात आपला जन्म गेला, त्याच्याविषयी आपण इतकं कोरडं उत्तर दिलं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

देवदर्शनाला जावं, जरूर जावं. त्या वाटेवर आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. पण एका दिवसात तीन देव उरकायचे, मध्ये एका धाब्यावर जेवायचं आणि रात्री घरी पोचून दमलो म्हणायचं, याला फिरणं म्हणवत नाही. त्याच रस्त्यावर, नेवासे फाट्यावरून थोडं आत गेलं की प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांचा पैस खांब आहे. 1290 मध्ये त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, अशी सगळ्या महाराष्ट्राची श्रद्धा आहे. मराठी वाचता येणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी तिथे निवांत बसावं. पण फाट्यावरून सुसाट जाणाऱ्या गाड्यांत तिकडे वळणाऱ्या फार थोड्या. वेळ नसतो. सुट्टी काढून निघालेल्या माणसाला वेळ नसावा, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

नगर शहराचं तर आणखीच अवघड झालं आहे. 2022 मध्ये उड्डाणपूल झाला आणि पुण्याहून संभाजीनगरकडे जाणारी गाडी गावाच्या डोक्यावरूनच जाऊ लागली. गावातली वाहतुकीची कोंडी सुटली, ते बरंच झालं. पण पूर्वी निदान माळीवाड्याच्या आसपास गाडी अडकायची, माणूस खाली उतरायचा, विशाल गणपतीला हात जोडायचा, चहा घ्यायचा. आता तेवढंही निमित्त उरलं नाही. 2024 मध्ये सरकारदरबारी शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला 31 मे 1725 रोजी जन्मलेल्या अहिल्याबाईंचं ते नाव. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूने टेकावं, पाणी प्यावं, रात्रभर निर्धास्त झोपावं यासाठी आयुष्यभर पैसा खर्च केला. त्यांचं नाव धारण करणाऱ्या शहराने वाटसरूला थांबवून घ्यायला नको का?

मुळात हे शहर वसलं तेच बागेच्या ओढीने. 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला. ज्या जागी जय मिळाला, तिथे त्याने वाडा बांधला, बाग लावली आणि तिला बाग निजाम म्हटलं. पुढे तिथेच किल्ला उभा राहिला आणि आसपास शहर वाढलं. आमच्याकडे पाऊस बेताचा, सीना वर्षातले बरेच महिने कोरडी. अशा मुलखात बागा करायच्या म्हणजे पाण्याचं नियोजन डोक्यात पक्कं हवं. निजामशाहीतल्या कारागिरांनी कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा भोवतालच्या गावांकडून खापरी नळांनी जमिनीखालून पाणी आणलं. उताराचा अंदाज घेत मैलोगणती आलेलं ते पाणी वाड्यांतल्या हौदांत, कारंज्यांत आणि तळ्यांत खेळायचं. सावेडीच्या पुढे भिस्तबागेचे अवशेष आहेत, तेही त्याच पाण्यावर वाढलेल्या बागेचे. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या राजधानीत एके काळी विसाव्याच्या जागा इतक्या विचाराने आखल्या गेल्या होत्या, हे आपण मुलांना सांगतच नाही.

यातली फराहबाग मला सगळ्यांत जवळची. भिंगारच्या बाजूला, सोलापूर रस्त्यापासून थोडी आत, चौकोनी तळ्याच्या मधोमध एक अष्टकोनी महाल उभा आहे. मुर्तजा निजामशहाच्या काळातला. सांगतात की पहिलं बांधकाम राजाच्या मनास आलं नाही, म्हणून ते उतरवून महाल नव्याने उभारला गेला आणि 1583 च्या सुमारास काम पुरं झालं. मधल्या दालनावर उंच घुमट, चारी दिशांना मोठाल्या कमानी, वरच्या मजल्यावर छोट्या खोल्या आणि सगळ्याभोवती पाणी. नगरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला या रचनेचं मर्म सांगावं लागत नाही. वारा कुठल्याही दिशेने आला तरी पाण्यावरून गार होऊन आत येणार आणि घुमटाखालची गरम हवा वर निघून जाणार. इथे राजा दिल्लीहून आलेल्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळायचा, असंही सांगतात. मुर्तजा हळूहळू दरबारापासून दूर गेला, वर्षानुवर्षं एकांतात राहिला. कारभार वजीर सलाबतखानाने पाहिला. शेवटी 1588 मध्ये पोटच्या मुलाने त्याचा जीव घेतला. कामकाज टाकून विरंगुळ्यातच राहणाऱ्या माणसाची ती गोष्ट आहे आणि ती त्या महालात उभं राहून ऐकली की वेगळीच लागते.

आज फराहबागेच्या तळ्यात पाणी क्वचित असतं. भिंतींवरचा चुन्याचा गिलावा ठिकठिकाणी गेला आहे आणि खालच्या भागात नावं कोरणाऱ्यांनी आपापली छाप सोडली आहे. तरी सकाळी सातच्या सुमारास जावं. पूर्वेच्या कमानीतून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर हळूहळू खाली सरकतो. पारवे घुमत असतात. तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. शाहजहानला ताजमहालाची कल्पना इथे सुचली, असं गावात कुणी ना कुणी छातीठोक सांगतं. त्याला कसलाच पुरावा नाही आणि फराहबागेला त्या टेकूची गरजही नाही. ती स्वतःच्या बळावर उभी आहे.

त्याच सलाबतखानाची कबर शाह डोंगरावर आहे. पाथर्डी रस्त्याने साधारण तेरा किलोमीटर गेलं की डोंगरमाथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. सारा गाव तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. चांदबिबी नगरकरांच्या मनात इतकी ठसली आहे की डोंगरावरची सगळ्यांत उंच वास्तूही लोकांनी तिलाच देऊन टाकली. 1595 च्या अखेरीस मुराद शहजादा मोगल फौज घेऊन किल्ल्याला भिडला, सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती तलवार घेऊन खिंडाराशी उभी राहिली आणि उजाडायच्या आत पडलेला तट पुन्हा रचून घेतला. पुढे 1600 मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि किल्ला गेला. तिची आठवण लोकांनी आपल्या परीने राखली आहे. पण सलाबतखानाचंही नाव घ्यावं, असं मला वाटतं. फराहबाग पुरी झाली ती त्याच्या कारकिर्दीत, भातोडीचं तळं त्याने बांधलं असं मानतात, आणि राजा एकांतात असताना राज्य त्याने चालवलं. श्रावणात, पावसाची एखादी सर येऊन गेल्यावर त्या वरच्या कमानीत उभं राहावं. वारा इतका असतो की बोललेलं ऐकू येत नाही. खाली हिरवे-काळे शेतांचे तुकडे, दूर नगरची वस्ती आणि मधून जाणारा रस्ता. घरून डबा घेऊन जायची ही जागा. भाकरी, पिठलं, ठेचा आणि कांदा असला की पुरे. मात्र उरलेलं खरकटं आणि पिशव्या खाली घेऊन यायच्या.

किल्ल्याविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. हुसेन निजामशहाने 1559 ते 1562 या काळात दगडी तट बांधला. भुईकोट, जवळपास गोल, भोवती खोल रुंद खंदक. ऑगस्ट 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो घेतला. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. मला तिथे ओढून नेतात ती 1942 नंतरची वर्षं. 'छोडो भारत'च्या ठरावानंतर काँग्रेसच्या कार्यकारिणीची माणसं इथे आणून ठेवली: नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, आमचे शंकरराव देव आणि इतर. जवळपास तीन वर्षं. त्यांच्यापुढे कामाशिवायचा वेळ अफाट पसरला होता आणि त्या वेळाचं त्यांनी काय केलं, हे फार शिकण्यासारखं आहे. नेहरूंनी कुदळ घेतली. अंगणातली जमीन वाईट, दगडगोट्यांची. जुन्या इमारतींचा राडारोडा आणि त्याहून जुन्या बांधकामाचे अवशेष मातीत मिसळलेले. ते उन्हातान्हात खणत राहिले, वाफे केले आणि फुलं लावली. मग 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि ते किल्ल्यातल्या सोबत्यांना अर्पण केलं. निजामशहाने बाग लावली, त्याच जागेवर साडेचारशे वर्षांनी एका कैद्याने पुन्हा बाग लावली. मला नगरच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करायचे. दुधाच्या चहाशी त्यांचं जमायचं नाही. चिनी चहाची त्यांना फार आवड. त्या पहाटेच्या चहाबरोबर त्यांनी आपल्या एका मित्राला पत्रं लिहिली, जी तेव्हा पाठवता येत नव्हती. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवरही त्यांनी मन लावून लिहिलं आहे. ही पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली आणि उर्दू गद्यातलं मानाचं पुस्तक ठरली. याच काळात, 1943 मध्ये, कलकत्त्याला त्यांच्या पत्नीचं निधन झालं. मौलाना इथेच होते. उर्दू वाचणारी माणसं देशभर, सीमेपलीकडेही, नगरच्या किल्ल्याचं नाव या पुस्तकामुळे जाणतात. आमच्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असेल? किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा प्रवेशाची चौकशी आधी करावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावं.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे, 1567 ची. लहान, पण दगडावरचं कोरीवकाम असं की हात लावून पाहावंसं वाटतं. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती उभारली, अशी कथा आहे. कुठल्याही राजवाड्यापेक्षा मला हे लेणं मोठं वाटतं. तिथून पायीच जुन्या गावात शिरावं. कापड बाजार, मोची गल्ली, सराफ बाजार, गंज बाजार, मग दिल्ली दरवाजा. गाडीतून यातलं काही दिसत नाही. शहाजीराजे आणि शरीफजी ही नावं ज्यांच्यावरून पडली असं मानतात, त्या शाह शरीफ बाबांचा दर्गा याच शहरात आहे. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शरीफजी कामी आले. त्यांची समाधीही नगर तालुक्यातच आहे. शिवरायांच्या चुलत्याची समाधी पाहायला मात्र क्वचितच कुणी येतं.

जुनं गाव पायी पाहण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, इंग्लंडमध्ये यॉर्क नावाचं जुनं शहर आहे. त्याच्याभोवतीचा तट सव्वातीन किलोमीटरहून अधिक उरला आहे. पाहुणे त्या तटावरून चालतात. तिकीट नाही, गाइड नाही. तिथला मोठा विरंगुळा म्हणजे हे चालणं. पण हा तट सुखासुखी राहिलेला नाही. 1800 च्या सुमारास तिथल्या नगर मंडळानेच तो पाडायचं ठरवलं होतं. गावातली माणसं विरोधात उभी राहिली. काही भाग गेला, बराचसा वाचला. याच देशात 1994 पासून दर सप्टेंबरला एरवी बंद असलेल्या जुन्या वास्तू काही दिवस सगळ्यांना मोफत खुल्या होतात आणि गावातलेच लोक त्या हौसेने दाखवतात. आमच्याकडे तट होता, वेशी होत्या, महाल आहेत, गोष्टी तर कितीतरी आहेत. कमी आहे ती फक्त दाखवणाऱ्यांची हौस.

लहान मुलं बरोबर असतील तर नगरचं रणगाडा संग्रहालय चुकवू नये. तेही 1994 मध्येच सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती गाडी, दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे आणि 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, सगळं उघड्यावर, झाडांच्या सावलीत मांडलेलं आहे. मुलं रमतात. मोठ्यांनी तिथल्या स्मारकाशी थोडं थांबावं.

अरणगावच्या मेहेराबादला मात्र वेळ काढून जावं. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 पासून मौन धरलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. टेकडीवर त्यांची छोटीशी समाधी आहे. घुमटाखालच्या भिंतींवर हेलन डाह्म या स्विस चित्रकर्तीने काढलेली चित्रं आहेत. दर 31 जानेवारीला देशोदेशींची माणसं येतात आणि दुपारी बाराला पंधरा मिनिटं मौन पाळतात. हजारो माणसं बसलेली असतात आणि झाडावरच्या पाखरांचं ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. मी त्यांचा अनुयायी नाही. पण इतक्या माणसांनी एकत्र गप्प बसण्याचा अनुभव दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

जिल्हा राज्यात सगळ्यांत मोठा, 17,048 चौरस किलोमीटरचा आणि चौदा तालुक्यांचा. त्यामुळे सगळं एका फेरीत पाहायचा हट्ट धरू नये. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने आणि गोट्यांनी खडक कोरून केलेले रांजणखळगे आहेत. तिथे कड्यावरून वाकून फोटो काढण्याचा मोह आवरावा, दरवर्षी सांगूनही लोक ऐकत नाहीत. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, 1980 मध्ये झालेलं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. सकाळी लवकर पोचलं की गवतातून उड्या घेत जाणारा कळप दिसतो. आणि अकोले म्हणजे तर वेगळाच मुलूख. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, 1926 मध्ये पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. मे-जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी, तिथे झाडंच्या झाडं काजव्यांनी उजळतात. त्यासाठी आता रात्री गाड्यांच्या रांगा लागतात आणि मला त्याची काळजी वाटते. काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण म्हणून. गाडीचे दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या आणि आरडाओरडा यांत ती खूण हरवते. ज्याला काजवे पाहायचे आहेत त्याने गाडी गावात ठेवावी, अंधारात थोडं चालावं, दिवा विझवावा आणि डोळे सरावेपर्यंत उभं राहावं.

पण मला विचाराल तर नगरला यावं ते हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत. ज्वारीची कणसं दुधात आली की शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस खुपसायचं, भाजलं की तळहातावर चोळायचं, फुंकर घालून भुसा उडवायचा आणि गरम दाणे पुढच्याच्या हातावर ओतायचे. गुळभेंडीचा हुरडा असेल तर त्याच्या गोडीला काही जोडावं लागत नाही. तरी शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ समोर असतोच. भाजणारा एकजण असतो आणि खाणारे गोल करून बसलेले. त्याचा हात चालेल तेवढ्याच वेगाने खायचं, घाई करताच येत नाही. एकाचा घास होईपर्यंत दुसऱ्याच्या गप्पा चालतात, म्हातारी माणसं जुन्या दुष्काळाच्या आणि जुन्या पिकांच्या आठवणी काढतात. आता पुणे रस्त्याला हुरडा पार्ट्या पैसे मोजून मिळतात, झोपाळे आणि बैलगाड्यांसकट. त्यानेही शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्यात वावगं काही नाही. तरी ओळखीच्या शेतावर, बांधाला टेकून खाल्लेल्या हुरड्याची बरोबरी नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. शहराचा स्थापना दिन 28 मे ला असतो, पण तेव्हा उन्हाने जीव नकोसा होतो. त्याऐवजी डिसेंबर-जानेवारीतला एक शनिवार-रविवार ठरवावा. कॉलेजच्या मुलामुलींनी एकेक वास्तू वाटून घ्यावी, तिची माहिती नीट वाचून घ्यावी आणि येईल त्याला उभं राहून सांगावी. आधी दोन दिवस सगळ्यांनी मिळून झाडलोट करावी. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, मराठीत लिहिलेली एक पाटी आणि बसायला सावली, यापेक्षा जास्त काही लागत नाही. संध्याकाळी पाहुण्यांना जवळच्या शेतावर हुरड्याला न्यावं आणि रात्री गावातच ठेवून घ्यावं. यासाठी मोठ्या योजनेची आणि उद्घाटनाची वाट पाहायला नको. शहरातल्या कुठल्याही एका शाळेने मनावर घेतलं तरी याच हिवाळ्यात होईल. सुरुवात फराहबागेपासून करावी.